पंचाची बायको मैदानावर

माझ्याशी कुणी वाकडं बोललं तर मी उधार ठेवत नाही. तहसीलच्या पायऱ्यांवर असो नाहीतर एसटीत, जागच्या जागी ऐकवते. पण कबड्डीच्या मैदानावरून जायची वेळ आली की माझी मान आपोआप खाली जाते. शिट्टी ऐकली की कानशिलं तापतात. कारण माझे वडील, रामहरी पंच. आम्ही त्यांना दादा म्हणायचो.

दादांची युसूफ वडगावच्या बाजारात पिठाची गिरणी होती. आमचं गाव तिथून चालत जाण्याएवढं. दिवसभर पट्टा फिरायचा, दादांच्या भुवयांवर पीठ बसायचं. पण सामन्याच्या दिवशी पांढरा शर्ट, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, आणि माणूसच बदलायचा. पार नेकनूरहून बोलावणं यायचं. "रामहरी पंच हाय ना? मग खेळतो," असं समोरची टीम म्हणायची. सख्ख्या भाच्याला त्यांनी एकदा ऐन फायनलमध्ये बाद दिलं, तर बहीण त्या वर्षी राखीला आली नाही. दादा म्हणाले, "न्हाई तर न्हाई. बाद म्हंजी बाद."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी छाती काढून फिरले असते. पण दादांच्या मागं प्रत्येक सामन्याला माझी आई यायची. बायनाबाई. सगळा बाप्यांचा मेळा, त्यात ही एकटी बाई. मधल्या रेषेच्या टोकाला, दादांच्या बरोबर समोर, पोतं अंथरून बसायची. शेजारी मी.

"रामहरीला बायकूशिवाय करमत न्हाई बे!" मागून कुणीतरी म्हणायचं.

"करमत कसलं, ती राखन करती त्याची!"

शाळेत पोरी विचारायच्या, "सुरे, तुही माय बी खेळती का गं कबड्डी?" मी दोघींच्या झिंज्या उपटल्या होत्या त्यावरून. एक दिवस घरी येऊन आईवरच फुगले. "तू कावून येती गं? कुनाचीच आई येत न्हाई."

आई भाकरी थापत होती. तिनं आधी दाराकडं पाहिलं. "तुह्या बापाला ऐकू येत न्हाई. गिरणीनं कान खाल्ले. कुनापाशी बोललीस तर जीभ उपटीन."

मग हळूहळू सगळं कळलं. गिरणीत सगळेच ओरडून बोलतात, त्यामुळं गिऱ्हाइकांना पत्ता नव्हता. बाकी बोलणं दादा ओठांवरून ओळखायचे. पण कबड्डीत ओठ दगा देतात. चढाई करणारा गडी एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत गेला पाहिजे. दम तुटला की तो बाद. चलाख गडी आत आवाज बंद करून श्वास चोरतो आणि ओठ तेवढे हलवत राहतो. ते कानालाच कळतं, आणि कान आईकडं होते. दम तुटला की ती पदर डोक्यावर ओढायची. दादा शिट्टी मारायचे. चार बाप्ये दिसले की बाई पदर घेणारच, त्यात कुणाला काय दिसणार?

आमच्याकडं माणसाच्या अंगात जे कमी असेल तेच त्याचं नाव होतं. लंगडा, तिरळा, बोबडा. दादांना 'पंच' म्हणायचे. ते नाव जाऊन 'बहिरा' लागू नये, एवढ्यासाठी आई टोमणे खात होती. मला मात्र कळल्यावरही लाज वाटायची. आधी आईची वाटायची, आता दोघांची.

मी सहावीत असताना आमच्या जत्रेत फायनल लागली, आमचं गाव विरुद्ध नेकनूर. बक्षिसाची ढाल अर्जुनरावांनी ठेवलेली. अर्जुनराव म्हणजे गावातलं मोठं घर, त्यांच्या शब्दाबाहेर पान हलत नसे. त्यांचे पाहुणे येणार म्हणून बरोबर मधल्या रेषेवर सोफा आणून टाकला. त्यांचा एक माणूस आईला म्हणाला, "मावशी, उठा. औंदा बायांसाठी येगळी जागा केलीय, पाण्याच्या टाकीपाशी."

"मला हितंच बरं हाय."

"मानानं बसवतोय तर मानानं बसा की!"

आई उठली. भांडली असती तर का भांडते ते सांगावं लागलं असतं. टाकीपासून पाठींशिवाय काही दिसत नव्हतं. मी टाकीच्या कठड्यावर चढले. दादा शिट्टी हातात घेऊन सोफ्याकडं बघत होते. तिथं आईच्या जागी एक पाहुणा सुपारी कातरत होता.

सामना बरोबरीत आला. शेवटची चढाई आमच्या शिवशंकरची. तो आत खोल गेला, कोपऱ्यात अडकला, घोटाळला, आणि त्याचा आवाज बंद पडला. मला टाकीवर कळलं. मग पुन्हा सुरू झाला. एकाला शिवून तो परत आला. दादांनी शिट्टी मारून पॉइंट दिला.

आमची पोरं नाचायला लागली. नेकनूरची पोरं मैदानात घुसली. "दम तुटला व्हता! सगळ्यांनी ऐकलं! पंचानं खाल्ले बे पैशे!"

दादा प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते. इतकी तोंडं एकदम हलत होती की त्यांना काय कळलं असेल देव जाणे. पण 'खाल्ले' कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. अर्जुनराव सोफ्यावरून म्हणाले, "रामहरी, निकाल झाला. ढाल द्या."

दादा ढालीकडं गेलेच नाहीत. ते मैदान तुडवत, माणसं बाजूला सारत टाकीपाशी आले. बायांच्या घोळक्यात. आईसमोर उभे राहिले आणि मोठ्यानं विचारलं, "तुटला का?"

सगळं मैदान आमच्याकडं वळलं.

आईनं पदर डोक्यावर ओढला. "तुटला."

दादा वळले. "शिवशंकर बाद. मला ऐकू येत न्हाई. हिला येतं."

आधी एक जण हसला, मग दुसरा. मग हसू मैदानभर पसरलं. अर्जुनराव म्हणाले, "कान न्हाईत तर शिट्टी कावून धरली बे?" ढाल नेकनूरला गेली. दादांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. घरी जाताना आम्ही तिघं तीन वाटांचे असल्यासारखे चाललो. पोरं मागून ओरडत होती, "बायकूचा पंच!" दादांना ते ऐकू येत नव्हतं. आम्हाला येत होतं.

पुढं गिरणीवर पोरं येऊन दारात उभी राहायची आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायची. दादा विचारायचे, "कुनाचं दळन हाय?" पोरं पोट धरून हसायची. मी एकाच्या डोक्यात धान्य मापायची पायली घातली. दादांनी मलाच मारलं.

वर्षानं जत्रा आली तेव्हा नेकनूरची पोरं टेम्पोतून गिरणीवर उतरली. त्यांचा कप्तान नाथा. तोच मागच्या साली 'खाल्ले' म्हणून सगळ्यांच्या वर ओरडला होता. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "पंच, फायनलला तुमीच पाह्यजेत. मावशीला बी आना. मधल्या रेषेवर खुर्ची टाकतो, कोन उठवतंय ते बघतो."

वीज गेलेली होती. गिरणी बंद, सगळं शांत. आई आणि मी दादांची भाकरी घेऊन आलो होतो. आईनं दारामागचं मैदानावर अंथरायचं पोतं काढलं, झटकलं, काखेत धरलं.

दादांनी नाथाच्या तोंडाकडं नीट पाहिलं होतं. एकही शब्द सुटला नव्हता. तरी म्हणाले, "काय म्हनता? मला ऐकू येत न्हाई."

नाथा पुन्हा ओरडून बोलला.

"न्हाई येत ऐकू," दादा म्हणाले, आणि पाठ फिरवून पट्टा पुसायला लागले.

आई तशीच उभी राहिली. पोरं गेली, टेम्पोची धूळ खाली बसली. तिनं पोत्याची पुन्हा घडी केली आणि पदर डोक्यावर ओढला. दादांची पाठ तिच्याकडं होती. त्यांनी वळून पाहिलं नाही.