झालेल्यांची यादी

निमगाव केतकीच्या स्टँडजवळ अल्लाबक्षभाऊ तांबोळी टपरीत बसून बांगड्या-कंगवे विकतात. अजून पन्नाशी गाठली न्हाय, पण चार पावलं चालले की टेकावं लागतं. बाजारादिवशी लोक विचारतात, "काय भाऊ, बरं हाय का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मेल्यांनो, आता विचारताय व्हय?

मी मनिषा, गावची आशा सेविका. पहिल्या लाटेत भाऊंना कोरोना झाला, दहा दिवसांत उठले. टेम्पो स्वतःचा, डाळिंबाची क्रेटं एकटे चढवायचे. पुढच्या उन्हाळ्यात दुसरी लाट आली, ॲम्ब्युलन्स मिळंना. तेव्हा रामहरी तात्यांनी डोकं चालवलं. तात्या बारा एकर डाळिंबाचे बागायतदार, गावात शब्दाला वजन. म्हणाले, "गोवर एकदा निघाला की सुटला, तसंच ह्ये. मनिषा, झालेल्यांची यादी काढ. पेशंट न्यायचं, मयत उचलायची, समदं त्यांनी करायचं."

मी काढली. सतरा नावं. पहिलं भाऊंचं, कारण टेम्पो त्यांचा. ते रोज बारामतीला खेपा करू लागले.

पण ह्या लाटेचं काही वेगळंच दिसत होतं. पहिल्या लाटेत घरात एकाला व्हायचा, बाकीचे वाचायचे. आता तीन दिवसांत अख्खं घर आडवं. मी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, विषाणू अंगात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. नकलेत चुका होतात. एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडते, मग तो जोरात पसरतो. होऊन गेलेल्यालाही पुन्हा धरू शकतो.

मी तशीच तात्यांच्या बागेत गेले. ते फवारणीचं औषध कालवत होते.

"तात्या, गेल्या वर्षीचंच औषध हाय का?"

"येडी का काय? तेच तेच मारलं तर थ्रिप्सची कीड सरावतीय. औषध बदलावं लागतं."

"मग कोरोना बदलत नसंल व्हय? भाऊंना थांबवा."

तात्यांनी काठीनं ढवळायचं थांबवलं. त्यांना पटलं होतं, मी तोंडाकडं बघतच होते. मग म्हणाले, "आईला दम लागलाय. आज बारामतीला न्यायचीय. अल्लाबक्षला ह्यातलं काय बोलू नगंस."

मी बोलले. भाऊंच्या दारात जाऊन सगळं सांगितलं. फरिदाभाभींनी किल्ली पदराखाली धरली. भाऊ म्हणाले, "तात्यांच्या आईनं, रंगूबाईंनी, मला लहानपणी जेवू घातलंय, ताई. एवढी एक खेप." भाभींच्या हातून किल्ली घेतली आणि गेले.

रंगूबाई बऱ्या होऊन घरी आल्या. भाऊ सहाव्या दिवशी पडले. ओठ निळे. मी यादीतल्या सोळाही जणांना फोन लावला, भाऊंचाच टेम्पो चालवायला या म्हणून. एकूणएक म्हणाले, "परत हुतोय म्हणं, ताई." पाच-सहा दिवस मी घसा फोडला तर कुणाला कळलं न्हाय, आणि भाऊ पडल्यावर तासाभरात सगळ्या गावाला विषाणूचं रूप बदललेलं समजलं! तात्यांनी आपली दारातली गाडी दिली न्हाय. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या दिवशी दुपारी आली. भाऊ जगले, पण छाती गेली ती गेलीच. टेम्पो विकला.

गेल्या महिन्यात टीव्हीवर पुन्हा नव्या प्रकाराची बातमी आली. तात्या टपरीवर आले. मी तिथंच बसलेली.

"अल्लाबक्षा, तुला तर दोनदा झालाय. तुला काय भ्या न्हाय आता."

भाऊ कसनुसं हसले.

"आईच्या पाठोपाठ तुमालाबी घरातच होऊन गेला न्हवं, तात्या?" मी म्हणलं. "यादी अजून माझ्याकडं हाय. भाऊंचं नाव खोडलंय. पहिलं नाव तुमचं घातलंय."

तात्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंडाला लावला आणि स्टँडकडं चालू लागले.

"कशाला बोललीस, ताई? मोठा माणूस हाय," भाऊ म्हणाले.

तात्यांना बोलणं सोपं हाय. पण ती यादी माझ्याच अक्षरात हाय, त्याचा राग कुणावर काढू?