जादा पाटा

आमची गाडी म्हणजे जुनी, चारी चाकांना जोर असलेली स्टेशन वॅगन. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याकडून घेतलेली. बेळगावात, टिळकवाडीच्या आमच्या गल्लीत तिचं बूड शेजाऱ्यांच्या फाटकासमोर येतं आणि त्यावरून महिन्यातून एकदा तरी आमची वाजते. बायको म्हणते, हा पांढरा हत्ती विका. पण नंदगडच्या पुढं, जंगलाच्या अंगाला आमचं गाव आहे आणि गावाआधीचा ओढा पावसाळ्यात दुसरी गाडी ओलांडत नाही. त्या गावात माझी आक्का राहायची. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला तिनंच वाढवलं. तिला मूलबाळ नाही, नवरा वारलेला, दावणीला दोन म्हशी.

आक्काच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बेळगावात डायलिसिस. यात खंड पडला तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, तिलाही तोंडावर सांगितलं होतं. टिळकवाडीत येऊन राहा म्हणून मी तिच्या पाया पडायचंच काय ते बाकी राहिलं. म्हशी कोण बघणार, हे तिचं एकच उत्तर. मग मीच उजाडायच्या आत निघायचो, तिला घेऊन यायचो, संध्याकाळी परत सोडायचो. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे दुसरं काय काम असतं?

सात-आठ महिने असे गेले. मग तिनं गाडीला नावं ठेवायला सुरुवात केली. "कंबर मोडतीया रं. तुझ्या गाडीत बसलं की हाडं सुटी होत्यात." गाडीला कुणी बोललं की मला राग येतो, पण ती खोटं बोलत नव्हती. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, पार बसले होते, शॉकअप गळून तेलकट झाले होते, सांध्यांतले रबरी बुश झिजून गेले होते. खड्डा आला की मागं लोखंडावर लोखंड आपटायचं. एका मंगळवारी मी दारात उभा आणि आक्का म्हणते, "आज न्हाय जमायचं. कंबर धरलीया." शुक्रवारी आली ती तोंड सुजवून, धापा टाकत. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच झालं आणि मी हादरलो. पण मी गणिताचा मास्तर. कारण सापडलं की उत्तर सापडलं, ही जन्माची खोड. कारण गाडी. गाडी नीट केली की आक्का येणार. इतकं सोपं गणित मी आयुष्यात मांडलं नव्हतं.

पाट्यांच्या कामाला निपाणीचा मिस्त्री चांगला, असं गाडीच्या जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं. शनिवारी गेलो. ट्रकवाल्यांशी कन्नडात, माझ्याशी मराठीत बोलत तो गाडीखाली शिरला आणि पडल्या पडल्याच म्हणाला, "सर, ह्या पाट्यांत आता काय जीव न्हाय. नवीनच घाला." मग बाहेर येऊन हात पुसत विचारलं, "वजन किती असतंय गाडीत?"

खरं उत्तर एका ओळीचं होतं. मी आणि पस्तीस किलोची एक बाई. पण आमच्या घरात रिकाम्या वस्तूलाही रिकामी म्हणायची रीत नाही. बांगडी फुटली तर वाढली म्हणतात, दिवा विझवायचा तर निरोप देतात, तांदळाचा डबा संपला तर भरायला झाला म्हणतात. आणि गाडी रिकामी फिरते, असं चारचौघांत सांगणारा माणूस आमच्या खानापूर भागात अजून जन्मायचाय. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "भरून असते की. सात-आठ माणसं, लग्नसराईत नऊ. शिवाय तांदळाची पोती."

मिस्त्री खूश झाला. "मग एक पाटा जादा घालतो. आपल्याकडं सगळेच घालत्यात. जन्मात बसायची न्हाय." मी छाती काढून घाला म्हणालो. दोन दिवसांनी गाडी आणली तर तिचं बूड वीतभर वर आलेलं. शेजारी पहिल्यांदाच कौतुकानं बघत होता. मला काय तोरा चढला म्हणून सांगू!

मंगळवारी आक्काला गाडीत चढताच येईना. पाट ठेवून, काखेत हात घालून तिला वर घेतली. आणि ओढा ओलांडल्यावर कळलं की मी काय करून बसलो होतो. पाटे हलतच नव्हते. बारीक खडा आला तरी गाडी मागून उडायची. आक्कानं समोरची दांडी धरली, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी बैलगाडीच्या चालीनं गाडी नेली. तरी प्रत्येक खडा तिच्या कमरेत जात होता आणि तो मी पैसे मोजून तिथं बसवला होता. मला माझी लाज वाटली. दवाखान्याबाहेर बसून मी मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही सांगितलासा त्या वजनाला केलंय, सर. वजन टाका गाडीत, मऊ चालंल."

शुक्रवारी वाळूची चार पोती टाकून गेलो. आक्का मागं डोकावून म्हणाली, "काय रं, माझी समाधी बांधाय निघालास व्हय?" मी हसलो नाही. धक्के थोडे कमी झाले इतकंच.

शनिवारी पुन्हा निपाणी गाठली आणि या वेळी खरं सांगितलं. एकच बाई बसते. आजारी आहे. पस्तीस किलो. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. "आधी सांगायचं न्हाय व्हय, सर?" एवढंच बोलला. त्यानं दोन पाटे काढले, मऊ शॉकअप घातले, मला शेजारी बसवून चार वेळा गाडी खड्ड्यातून नेली.

मंगळवारी आक्का गाडीत बसली, कुणाचा हात न धरता. ओढा गेला, खडीचा रस्ता गेला. मी रस्त्यापेक्षा तिच्या तोंडाकडेच जास्त बघत होतो. कपाळाला आठी नाही. "व्हय रं, पाण्यावर चालल्यागत वाटतंय," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की हॉर्नच वाजवला. डांबरी रस्ता लागला तशी ती म्हणाली, "थांबव जरा."

"दुखतंय?"

"न्हाय. कायबी दुखत न्हाय. गाडीला नाव ठेवायला तू आता जागाच ठेवली न्हाईस, म्हणून बोलावं लागतंय. मला तिथं जायाचं न्हाय. त्या सुया नकोत, ते यंत्र नको. लई झालं."

"मग कंबर?"

"कंबर दुखत व्हतीच की. पण तुझं तोंड बघून दुसरं बोलवंना. म्हणून गाडीवर घातलं."

मी गाडीतच ओरडलो. दोनदा निपाणी, वाळूची पोती, सगळं काढलं. म्हशींसाठी जगतेस आणि माझ्यासाठी नाही का, असंही बोललो. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं? वळव आता."

बेळगावचा रस्ता समोर सरळ होता. चालत्या गाडीतून तिला उतरताही आलं नसतं. तसंच पुढं न्यावं, हे डोक्यात आलं होतं. पण लहानपणापासून तिनं सांगायचं आणि मी ऐकायचं, एवढंच मला ठाऊक. मी रडत गाडी वळवली आणि ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

शुक्रवारी मी नेहमीच्या वेळेला तिच्या दारात गेलो. तिनं चहा केला, दोघांनी घेतला. गाडीत बस, असं मी म्हणालो नाही. त्यानंतर रोजच जात राहिलो. पहिले काही दिवस चहा तिनं केला. नंतरचे चार दिवस मी केला.