ठकूबाईंची अरबी मेंढरं

ठकूबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी लसूण सोलत बसले होते. फोन रंजूचा, म्हणजे ठकूबाईंच्या पुतण्याच्या बायकोचा, शिनोलीच्या अलीकडच्या वस्तीवरून. "आजी, आमच्या आत्याबाई गेल्या. सकाळी मेंढरं सोडायला उठल्याच न्हाईत." अशा वेळी माणसानं काय बोलावं हे मला सत्तरी ओलांडली तरी कळलेलं नाही. मी विचारलं, "मग मेंढरं कुणी सोडली?" "मीच सोडली, आजी," रंजू म्हणाली. सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं, की म्हातारीचं आता काही खरं नाही. त्याला दीड महिना झाला. पण मला अजूनही वाटतं, प्रश्न बरोबर होता. ठकूबाईंचं जे काही मागे राहिलंय ते त्या मेंढरांतच आहे... कसं, ते सांगते.

नव्वदच्या दशकात घोडेगावात, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी फोनचं बूथ चालवत होते. पिवळी पाटी, काचेचं खोकं, लाल आकडे पळवणारं मीटर. त्या खोक्याशेजारी खुर्ची टाकून बसले की आपण तहसीलदार झालोय असं मला वाटायचं. परदेशी फोन लावणाऱ्या बाईला इंग्रजी यायला हवं म्हणून मी डिक्शनरी आणली आणि चक्क 'ए'पासून पाठ करायला घेतली. एकेक शब्द पानभर लिहायचा, मगच पुढचा. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, सॉल्ट, शुगर, टर्मरिक. सासूबाई म्हणायच्या, "डब्याला कळलं का गं, आपल्यात काय आहे ते?" 'बी' संपून 'सी' लागेपर्यंत माझी थोरली लग्नाला आली आणि डिक्शनरी रुखवतातल्या बाहुलीला टेकू म्हणून गेली. 'सी'च्या पुढचं इंग्रजी मला आजही अंधुकच दिसतं.

ठकूबाई यायच्या शुक्रवारी. त्यांचा एकुलता एक मुलगा, बिरू, आखातात गेला होता. मेंढरं राखायला. इकडे चराईची रानं आखडत गेली, कळप निम्म्यावर आला, आणि मुंबईचा कुणी एजंट म्हणाला, तिकडे वाळवंटात मेंढ्या राखणारी माणसं हवीत. "लोकांची पोरं इमानात बसून सायेब व्हत्यात," ठकूबाई सांगायच्या, "आमचं बिरू हितंबी मेंढरामागं आन् तितंबी मेंढरामागं. नुसतं इमान मधी आलं." शुक्रवारी त्याला सुट्टी असायची, दुपारी त्याचा फोन यायचा. त्याआधी तासभर तरी ठकूबाई पायरीवर घोंगडी टाकून बसलेल्या असायच्या. मायलेकांचं बोलणं ऐकायला मजा यायची. तो विचारायचा, भुरी व्याली का? त्या विचारायच्या, तिकडची मेंढरं कशी हायेत? "आई, शेपट्या लई जाड. उशीवानी." एवढ्यावर त्या दिवसभर हसायच्या.

मग एका शुक्रवारी फोन आला नाही. पुढच्याही नाही. एजंटाच्या नंबरावर नुसती घंटा वाजायची. बिरूनं एकदा मालकाच्या घरचा नंबर दिला होता, तो मी फिरवला. कुणा तरुण माणसानं उचलला. मी पदर सावरला, आवाज चढवला आणि म्हटलं, "हॅलो, व्हेअर इज बिरू? आय अ‍ॅम स्पीकिंग फ्रॉम घोडेगाव." जणू घोडेगाव म्हटल्यावर तो उठून उभाच राहणार होता. तो दोन वाक्यं बोलला आणि फोन ठेवला. पुढच्या दोनतीन खेपांनाही तेच. ठकूबाई काचेबाहेरून माझं तोंड बघत होत्या. मी बाहेर आले तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुमचं विंग्रजी तिकडं चालंना. त्यांचंच शिकाया लागंल."

"अहो ठकूबाई, भाषा शिकायला वर्षं जातात."

"मला भाषा कुठं पायजे? माझं पोरगं कुठं हाय, येवढंच इचारायचंय."

स्टँडसमोर उस्मानचाचांचं पंक्चरचं दुकान होतं. चाचांनी तरुणपणी आखातात टँकर चालवला होता. त्यांची अरबी ड्रायव्हरची, पण तीच आम्हाला हवी होती. चाचा शब्द द्यायचे आणि मास्तरीण अर्थातच मी. कुठे म्हणजे वेन. माझा मुलगा म्हणजे वलदी. आजारी, मरीद. तुरुंग, सिज्न. ठीक, तय्यब. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिला मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात शब्द लिहून दिले, यावरून माझी हुशारी लक्षात यावी. मग घोकून घेतलं. माझ्यासमोर त्या सगळं बिनचूक म्हणायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. "फाट्यापतूर व्हते वो," त्या म्हणायच्या, "मग यष्टीनं दणका दिला. सांडले समदे."

पुढच्या बाजाराला आल्या त्या मात्र पायरीवर बसल्या बसल्या सगळे शब्द ओळीनं म्हणून मोकळ्या झाल्या. चाचा हातातली ट्यूब तशीच धरून उभे. मी विचारलं, कसं काय?

"मेंढरांना बांधले."

आपल्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. ठकूबाईंना एकेकीचा चेहरा, चाल, खोडी ठाऊक. रोज संध्याकाळी कळपातून चुकणारी एक काळी होती, जिला रोज 'कुठं गेली गं' म्हणून शोधावं लागे. ती झाली वेन. जिचं कोकरू मोठं झालं तरी आईची बाजू सोडत नव्हतं, ती वलदी. लंगडी, ती मरीद. लोकांच्या पिकात तोंड घालते म्हणून कायम दाव्याला असलेली, ती सिज्न. समोर पडेल ते मुकाट्यानं खाणारी, ती तय्यब. सकाळी मेंढवाड्याच्या जाळीचं तोंड उघडून एकेक मेंढी बाहेर सोडताना तिच्या पाठीवर हात ठेवून तिचा शब्द म्हणायचा, संध्याकाळी आत घेताना पुन्हा. मेंढी मोजणीत चुकवून चालत नाही, म्हणून शब्दही चुकत नाही. माझ्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या आठवून मला हसू आलं. माझे डबे जागचे हलत नव्हते, आणि त्यांना हाकही मारावी लागत नव्हती.

जायच्या आधी त्यांनी चाचांकडे आणखी एक शब्द मागितला. "मेल्याला काय म्हंत्यात?" चाचा म्हणाले, "वो रहने दो, ठकूबहन. तो नको." त्या म्हणाल्या, "बोलायला नगं, चाचा. ऐकायला पायजे. कुणी बोललं तर कळाया नगं का?" चाचांनी जमिनीकडे बघत शब्द दिला, मात. मी विचारलं, हा कोणत्या मेंढीला बांधणार? "कुनालाच न्हाई," त्या म्हणाल्या. "रोज हात ठेवून म्हनाया लागंल. कुनाच्या पाठीवर ठेवू?"

त्या शुक्रवारी फोन एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. ठकूबाईंनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता आणि डोळे मिटले होते. मला वाटतं, त्यांना कळप दिसत असावा. "वेन वलदी? बिरू. वेन वलदी बिरू?" मग त्या बाईनं हळूहळू काहीतरी सांगायला सुरुवात केली. ठकूबाई मध्येच म्हणाल्या, "मरीद?" पलीकडून, "ला." 'ला' म्हणजे नाही. "सिज्न?" "ला." मग ती एकच शब्द बोलली, तो उघड्या दारातून काचेबाहेर मलाही ऐकू आला. न बांधलेला शब्द... आणि तो मात्र त्यांना पहिल्या झटक्यात कळला. रिसीव्हर तसाच धरून त्या खाली बसल्या. पलीकडची बाई रडत होती. मीटरचे आकडे पळत होते, ते मी हात पुढे करून झाकले. का झाकले, मला माहीत नाही.

कागद नंतर आले, पेटी त्याहून नंतर. पाण्याची गाडी उलटली होती. पेटी उघडायची नाही असं सांगितलं होतं, उघडली नाही. सगळं पार पडलं, आणि ठकूबाई बूथवर यायच्या थांबल्या. मला वाटलं, संपलं.

लोकर कातरणी झाली आणि त्या पुन्हा चाचांच्या दुकानात दिसल्या. शब्द मागत होत्या. जेवला. झोपला. हसला. "आता कशाला, ठकूबाई?" मी विचारलं. "ताई, माझ्या लेकराला शेवटचं बगितलेलं मानूस त्येच येक हाय जगात." मालकाच्या घरी फोन उचललेल्या त्या म्हातारीला उम्म सालेम म्हणत, सालेमची आई. मग ठकूबाईही फोनवर स्वतःचं नाव सांगायच्या, उम्म बिरू. दर कातरणीनंतर, लोकरीचे पैसे हातात आले की फोन व्हायचा, आणि दर फोनला बिरू थोडा थोडा मिळायचा. भात आवडायचा. उन्हात झोपायचा. कोकरं खिशात घालून घरात आणायचा आणि उम्म सालेम रागवायची, मग दोघंही हसायची. एवढ्यासाठी किती मेंढ्या कामाला लागल्या होत्या, ते मी बघत होते.

पण त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते विचारता येत नव्हतं. गेला तेव्हा एकटा होता का? चाचांनी शब्द सांगितला, मअ, म्हणजे बरोबर, सोबत. ऐकून त्या बिरू गेल्यानंतर पहिल्यांदाच हसल्या. "हा तर मेंढरांना आधीपासूनच येतोय की." हसल्या खऱ्या, पण शब्द काही टिकेना. लंगडी दिसते, चुकार दिसते. सोबत कशी दिसणार? एक मेंढी घेतली तर ती एकटीच. कित्येक महिने हा शब्द रोज येऊन रोज सांडत होता. मी पुठ्ठा सुचवला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटी त्यांनी जे कधी केलं नव्हतं ते केलं, एक शब्द दोन मेंढ्यांना बांधला. दोघी जुळ्या बहिणी होत्या. एकमेकींना सोडून चरत नसत, जाळीतून बाहेर पडतानाही अंग घासून पडत. दोघींवर दोन हात ठेवायचे आणि एकच शब्द म्हणायचा. पुढच्या फोनला मी काचेबाहेर उभी होते. "बिरू..." त्या म्हणाल्या, "बिरू मात... मअ?" पलीकडची म्हातारी समजली. तिनंही मोडूनतोडून, जणू तीच परकी भाषा बोलतेय तसं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "अना. अना मअ बिरू." मी. मी बिरूसोबत.

ठकूबाई बाहेर आल्या, पायरीवर बसल्या, घोंगडी गुडघ्यांवर ओढली. म्हणाल्या, "एकला नव्हता, ताई." चाचांनी चहा मागवला. कुणी प्यायला नाही.

त्यालाही आता कित्येक वर्षं झाली. बूथ बंद पडलं, काचेच्या खोक्यात सून कांदे ठेवते. चाचा गेले. मेंढ्या म्हाताऱ्या होऊन मेल्या, पण शब्द मेला नाही, तो ज्या त्या मेंढीच्या लेकीकडे जायचा. लेक आईसारखीच खोडकर असेल असं नाही, तरी नाव तेच. वेनची नात म्हणे कधी चुकायची नाही, मग ठकूबाई तिलाच रागवायच्या, "नावाला तरी जाग की गं." मोबाइल आला आणि उम्म सालेमचा फोन थेट वस्तीवर येऊ लागला, आणि मला बातम्या शिळ्या मिळू लागल्या, याचा मला चांगलाच राग होता.

मागच्या आठवड्यात रंजूचा पुन्हा फोन. "आजी, त्या अरबी म्हातारीचा फोन येतोय सारका. मला काय बोलाया येत न्हाई. तुमी या." मी गेले. रस्ताभर जुळवाजुळव करत होते. सांगायचा शब्द मला येत होता, चाचांनी जमिनीकडे बघत दिलेला. पण ठकूबाईंनी जो शब्द उभ्या जन्मात कुणाच्या पाठीवर ठेवला नाही, तो मी त्यांच्यावर कसा ठेवू?

वस्तीवर पोचले तेव्हा मेंढरं परतत होती. रंजू जाळीच्या तोंडाशी उभी राहून एकेकीला नावानं आत घेत होती. "चल तय्यब... मरीद, सरक पुढं... मअ, मअ." दोन मेंढ्या अंगाला अंग घासत आत शिरल्या. त्या पहिल्या बहिणींच्या कितव्या पिढीच्या, देव जाणे. "आत्याबाईंनी कसली बी नावं ठेवल्याली," रंजू म्हणाली. "पण नावं बदलली तर येत न्हाईत."

तेवढ्यात फोन वाजला. आवाज फार थकला होता. "उम्म बिरू?" मग थांबून, "वेन उम्म बिरू?" मी डोळे मिटले. मला काही कळप दिसला नाही, माझ्यासमोर नुसत्या अंग घासत आत शिरलेल्या त्या दोघीच होत्या. मी म्हटलं, "उम्म बिरू... मअ बिरू."

मग ती म्हणाली, "तय्यब." समोर पडेल ते मुकाट्यानं खाणारी मेंढी... तिनं फोन ठेवला.

मी दगडावर बसून राहिले. रंजूनं मोजणी केली, एक कमी भरली. हातात काठी घेऊन ती बांधापर्यंत गेली आणि अंधारत चाललेल्या रानाकडे तोंड करून हाका मारू लागली, "वेन... ए वेन..." ठकूबाई मारायच्या तशीच, शेवटचा स्वर लांबवून. कुठे, कुठे. तिला वाटतं, आपण मेंढीला बोलावतोय.