मोगरा आणि मामांची बादली

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, टपकणारा नळ कुठूनही ऐकू येतो. टीव्हीवर बातम्या ओरडत असोत की शेजारी हळदीचा डीजे वाजत असो, मोरीतला नळ नीट बंद नसला की ते उठलेच. हिवरे बाजारच्या बाजूच्या गावात त्यांचा जन्म गेला. पावसाचं पाणी अडवायला त्यांनी स्वतः बांध घातलेत, आणि कोणतं पीक घ्यायचं ते विहिरीत डोकावून ठरवलंय. आमच्या नगरच्या घरी राहायला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी पाण्याच्या फिल्टरमागची नळी शोधून काढली. फिल्टर जेवढं पाणी शुद्ध करतो, त्याहून जास्त त्या नळीतून मोरीत सोडून देतो. हे काय चाललंय, असं त्यांनी मला ज्या आवाजात विचारलं, त्यावरून फिल्टर मीच बनवलाय असं वाटावं. त्या दिवसापासून नळीखाली एक बादली आली, आणि बादलीतलं पाणी मोगऱ्याला घालायचं असं ठरलं.

मोगरा आत्यांचा, म्हणजे सासूबाईंचा. गोठ्यात पाय घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं, नगरला ऑपरेशन झालं. रोज वॉकर धरून चालल्या नाहीत तर पाय कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काही महिने तरी त्यांना गावाकडे पाठवायची सोय नव्हती. दवाखान्यातून सुटताना त्यांनी एकच अट घातली, गावाकडच्या न्हाणीजवळचा मोगरा आणून द्या. माझ्या नवऱ्याने तो मुळासकट उकरून टेम्पोत घालून आणला, मोठ्या कुंडीत लावला आणि आत्यांच्या कॉटशेजारच्या खिडकीत ठेवला. सुरुवातीला आत्या कुरकुरत का होईना, पण खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालायच्या.

मग मोगऱ्याची पानं कडेने करपायला लागली. मी चहाचा चोथा घातला, शेणखत घातलं, माझ्या आईने फोनवर सांगितलेलं ताकही घातलं. मामा बिचारे बादलीतलं पाणी सकाळी घालायचे ते संध्याकाळीही घालू लागले. पानं गळतच राहिली. आणि एके सकाळी आत्यांनी वॉकर भिंतीकडे ढकलून दिला.

"त्याला हितलं मानवंना, मला काय मानवतंय? आमाला घरी नेऊन घाला," म्हणाल्या.

समजावून झालं, रागावून झालं. व्यायाम घ्यायला येणारी मुलगी दारातूनच परत जाऊ लागली. मला तर झाडाचाच राग यायला लागला. एका बाईचं चालणं कुंडीतल्या काड्यांवर अडून राहावं हे काही केल्या पटत नव्हतं, पण अडलं होतं खरं.

कारण सापडलं ते मामांनाच, एका पहाटे, आत्या झोपेत असताना. कुंडीच्या काठाला आणि मातीवर पांढरा थर आला होता. मला ती बुरशी वाटली. मामांनी तो नखाने खरवडला, जिभेला लावला आणि तिथेच खाली बसले. गावाकडे एखादं रान खारवट होतं, जमिनीवर मीठ फुटतं आणि मग तिथे काही म्हणता काही उगवत नाही. तसंच कुंडीत झालं होतं. फिल्टरला जोडलेलं आमच्या बोअरचं पाणी आधीच जड. त्यातलं गोडं पाणी फिल्टर आम्हाला देतो आणि क्षार सगळे त्या नळीतून बाहेर टाकतो. तेच आम्ही झाडाला पाजत होतो.

बादली कुणाची, हे घरात कुणीही काढलं नसतं. मामांनीच काढलं. "मीच मारीत हुतो त्याला," एवढंच म्हणाले आणि बादली उचलून बाजूला ठेवली. माझ्या माहेरी आमटीत मीठ जास्त झालं तरी कुणी कबूल करत नाही. मला त्या क्षणी मामा फार आवडले.

इलाज त्यांना ठाऊक होता, पण तो त्यांच्या जिवावर आला होता. खारवट रान सुधारायचं तर खालून पाण्याला वाट करून द्यायची आणि क्षार धुऊन निघेपर्यंत वरून गोडं पाणी सोडत राहायचं. आमच्याकडे गोडं पाणी म्हणजे महापालिकेच्या नळाचं, दिवसाआड येणारं, पिंपात भरून जपून वापरायचं. दुपारी आत्यांचा डोळा लागल्यावर मामांनी कुंडी मोरीत नेली, पेचकसाने खालचं भोक मोठं केलं आणि कुंडी दोन विटांवर ठेवली. निथळणारं पाणी संडासात वापरू म्हणून खाली टब लावला. टब भरला, बादल्या भरल्या, शेवटी जुना कुकरही भरला. घरात रिकामं भांडं उरलं नाही. मामांनी कुंडीखालचं पाणी बोटाने चाखलं. अजून खारटच होतं. मग त्यांनी टब ओढून घेतला आणि पाणी सरळ मोरीत जाऊ दिलं.

पिंपातलं पाणी तळाला जाईपर्यंत ते तांब्या तांब्या ओतत होते, तोंड भिंतीकडे करून. मी दारात उभी होते. एका तांब्यात तोंड, हात, पाय सगळं धुणारा हा माणूस. पुढच्या वेळी नळाला पाणी आलं तेव्हा पुन्हा तेच केलं. मग वाळक्या फांद्या छाटल्या, कुंडी मागच्या गॅलरीत सावलीला ठेवली, आणि मामा रोज तिच्याजवळ खुर्ची टाकून पेपर वाचू लागले. झाड सावलीला ठेवलंय, याहून जास्त आत्यांना काही सांगू नको, अशी मला ताकीद होती.

काही दिवसांनी अगदी बुडाशी हिरवे कोंब दिसले. मामांनी मला हाक मारली नाही, नुसते मोठ्याने खोकले. हळूहळू पालवी धरली आणि कुंडी परत खिडकीत आली. आता आत्या उठतील म्हणून मी वॉकर पुसूनही ठेवला. आत्यांनी पालवीवरून बोट फिरवलं, तोंडभर हसल्या आणि म्हणाल्या, "जगलं गं बाई. आता त्याला आन मला घरी न्या."

मी कपाळाला हात लावला. मग मात्र माझा ताबा सुटला आणि मी सगळं सांगून टाकलं. कसलं पाणी, किती पाणी, आणि ते कुठे गेलं. ऐकता ऐकता आत्या मामांकडे वळल्या. मामा पेपर वाचत होते, म्हणजे तोंडासमोर धरून बसले होते.

"नळाचं पानी?" आत्यांनी विचारलं.

"व्हय."

"मोरीत जाऊ दिलं? तुमी?"

मामांनी पेपर आणखी वर धरला. आत्यांनी पदर सारखा केला, पाय कॉटवरून खाली सोडले आणि मला म्हणाल्या, "त्यो वॉकर दे हिकडं."