सर्वांच्या मागून येणारी निकासिया

निकासिया ओव्हिएदोकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते मिरवणुकीत. देवमातेची मूर्ती घेऊन गाव वरच्या चॅपेलकडे निघालं होतं. माझा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता, त्यामुळे मी मागे पडत पडत अगदी शेवटी गेले. म्हणजे शेवटी आहे असं मला वाटलं. वळून पाहिलं तर चारेक पावलांवर एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई माझ्याच चालीनं येत होती. दवाखान्याच्या धुलाईघरात नव्यानं लागलेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"अगं, जा की पुढे. माझ्यासाठी कशाला रखडतेस?" मी म्हटलं.

"तुम्ही चाला, बाई. मला मागंच बरं वाटतं. मागून सगळे दिसतात."

पुढे आमच्या लोस तालास गावात रविवारी डोंगरात धावणाऱ्यांचा गट जमला, तेव्हा झाडू कोण होणार हा प्रश्नच आला नाही. झाडू म्हणजे सर्वांत शेवटी धावणारा. कितीही दम असला तरी त्यानं कोणाच्या पुढे जायचं नाही. वाटेत जो रेंगाळेल त्याला सोबत घेऊनच खाली यायचं. निकासिया त्या डोंगरात लहानाची मोठी झाली होती, शेळ्यांच्या मागे. गटातल्या निम्म्या पोरांना ती सहज मागे टाकू शकली असती. तिनं कधी टाकलं नाही.

माझं घर गावाच्या टोकाला, वाट सुरू होते तिथेच. निघताना प्रत्येक जण आपापला ठरलेला दगड माझ्या अंगणाच्या गडग्यावर ठेवी आणि परतल्यावर उचलून खाली टाकी. गडग्यावर जितके दगड, तितकी माणसं डोंगरात. निवृत्तीनंतर ती राखण आपोआप माझ्याकडे आली.

आणखी एक रीत होती, चेष्टेची. झाडूसोबत खाली येणाऱ्याला 'केर' म्हणायचं आणि पुढच्या रविवारी त्यानं सर्वांसाठी एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, आणायच्या. रुपेर्तो कारिसो लागोपाठ तीन रविवार केर झाला होता. हा रुपेर्तो खाणीचे ट्रक चालवून निवृत्त झालेला, अठ्ठावन्न वर्षांचा, आवाजानं मोठा. निकासियाच्या मुलीचा तो धर्मपिता. त्या नात्यानं दोघं एकमेकांना कोंपाद्रे, कोमाद्रे म्हणत आणि व्याही-विहिणींसारखं अहोजाहो करून टोमणे मारत.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी आपला हिरवट डागाचा दगड गडग्यावर आपटत तो म्हणाला, "कोमाद्रे, आज तुमच्या झाडूला माझा केससुद्धा लागायचा नाही."

"केस उरलेत कुठं, कोंपाद्रे?" निकासिया म्हणाली. सगळे हसले आणि धावत सुटले. चौदा जण.

दहाच्या सुमाराला माझं डोकं दुखू लागलं. डोंगर एकदम जवळ आल्यासारखा दिसत होता, त्याच्यावरचं एकेक झुडूप मोजता यावं इतका. कुत्रा चुलीमागे जाऊन बसला. मी खिडक्या लावून घेतल्या. सोंदा वारा येणार हे कळायला इथे रेडिओ लागत नाही.

वारा अकराला डोंगरावरून खाली आला. भट्टीचं दार उघडल्यासारखा गरम, आणि त्याच्यासोबत धूळ. धावणारे एकेक करून तोंडाला फडकी बांधून येऊ लागले. यामिला ब्रिझुएला, औषधांचं दुकान चालवणारी, गटाची म्होरकी, सर्वांचे दगड स्वतः पाहत होती. बारा आले. मग धुळीतून निकासिया आली, एकटीच. तिनं आपला काळा दगड उचलायला हात पुढे केला आणि तो तिथेच थांबला. गडग्यावर दोन दगड होते.

"कोंपाद्रे आले नाहीत?"

"तुझ्याबरोबर नाहीत?" यामिलानं विचारलं.

"माझ्याबरोबर असते तर विचारलं असतं का?"

कोणीतरी म्हणालं, "गेला असेल परस्पर घरी. केर होण्यापेक्षा बायकोच्या शिव्या बऱ्या." कोणी हसलं नाही. मी त्याच्या बायकोला, एल्बाला, फोन लावला. ती म्हणाली, "नाही आला. बाई, वारा केवढा सुटलाय, कुठं आहे तो?" येईलच, म्हणाले आणि फोन ठेवला.

निकासिया पायरीवर बसली. "मी त्यांच्या पुढे आले," ती म्हणाली. "माझ्या मागं माणूस राहिलं."

अग्निशमनवाल्या स्वयंसेवकांनी वारा पडेपर्यंत वर जाता येणार नाही असं सांगितलं. वारा कधी पडेल हे त्यांनाही माहीत नव्हतं. कधी दोन तासांत पडतो, कधी दोन दिवस चालतो. निकासियानं माझ्याकडून ओली फडकी आणि पाणी मागून घेतलं.

"एकटी जाणार नाहीस," यामिला म्हणाली आणि बुटांच्या नाड्या आवळू लागली.

"मग तुझा दगड परत ठेव. आता तू वर आहेस."

यामिलानं ठेवला. आता तीन झाले.

पुढचे चार तास मी खिडकीच्या फटीतून ते तीन दगड पाहत होते. डोंगर दिसतच नव्हता. एल्बा येऊन माझ्याजवळ बसली होती. जपमाळ हातात होती, पण मणी सरकत नव्हते. छपराचा पत्रा वाजला की ती उठे. "पाय वाजले का, बाई?" मी म्हणे, "पत्रा आहे." पाणी किती नेलं होतं त्यानं, असं तिनं मला तीनदा विचारलं. एकच बाटली, हे मी पाहिलं होतं. तिन्ही वेळा मी आठवत नाही म्हणाले.

वर काय झालं ते निकासियानं नंतर सांगितलं. तिनं वाटेवर शोधलंच नाही. वाटेनं तर ती स्वतःच खाली आली होती. तिनं विचार केला, केर व्हायचं नसलेला माणूस कुठे लपेल? प्रत्येक मोठ्या खडकापाशी थांबून ती ओरडत होती, "कोंपाद्रे, एम्पानादा मीच आणते! बाहेर या!" डोंगरावर उभारलेल्या क्रुसाच्या खालच्या वळणावर एका घळीतून क्षीण आवाज आला, "बटाटा घालू नका."

तो खडकाआड दबून बसला होता. ती गाणं गुणगुणत दोन हातांवरून गेली, ते त्यानं ऐकलं होतं. ती जरा पुढे गेली की मागून जाऊन हळूच दुसऱ्या वाटेनं उतरायचं, असा त्याचा बेत. तेवढ्यात वारा आला. दिसेना म्हणून पाऊल चुकलं, घोटा मोडला. मग त्यानं हाका मारल्या, पण तोवर वाऱ्याच्या आवाजात हाक कोणाला ऐकू जाणं शक्य नव्हतं.

साडेचारला तिघं आली. तो दोघींच्या खांद्यांवर लोंबकळत होता. ओठ फाटलेले, डोळे लाल. एल्बानं आधी त्याला पाणी पाजलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. यामिलानं तीन दगड खाली टाकले. निकासियाचं तिकडे लक्ष नव्हतं. ती माझ्या न्हाणीघरात चेहऱ्यावर पाणी मारत कितीतरी वेळ उभी होती.

रुपेर्तो बरा झाला. थोडा लंगडतो, धावत नाही. दोष आपलाच, असं त्यानं गटासमोर मोठ्या आवाजात सांगितलं. निकासियाला ते पटलं नाही. "लपलेला माणूससुद्धा माझ्या पुढेच असायला हवा," ती म्हणाली. 'केर' हा शब्द तेव्हापासून कोणी काढत नाही. एम्पानादा पाळीपाळीनं येतात.

निकासिया आता एकसष्ट वर्षांची आहे आणि अजून झाडूच आहे. धावताना गुणगुणत नाही. वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या खडकाला वळसा घालून मागे पाहते, सगळे जण आपल्या पुढे गेलेत हे माहीत असलं तरी. गेल्या रविवारी बाकीचे साडेअकराला आले. ती आली तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती.