दोन थेंब जास्तीचे

मास्तरांनी चाळीस वर्षं कोट शिवले आणि त्यांच्या बायकोनं त्या कोटांची काजं केली. म्हणून सगळी गल्ली तिला काजवाल्या काकू म्हणे. मास्तरांचा हात बिघडलाय हे आधी काकूंनाच कळलं. खडूची रेघ वळवळायला लागली होती, कात्री खुणेबाहेर जात होती. मास्तर मात्र म्हणत, हल्ली खडूच वाईट येतो.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कंपवाताचा संशय बोलून दाखवला. अश्रूंवरून अशा आजाराचा माग लागतो का, याचा तिथे अभ्यास चालू होता. नुसत्या त्यावर निदान ठरणार नव्हतं, पण मदत झाली असती. मास्तरांनी काकूंना शब्द दिला, आजाराचं नाव कागदावर आलं तर कात्री खाली ठेवीन. काकू त्या कागदाकडे डोळे लावून बसल्या. तोंडी सांगून हा माणूस कोणाच्या बापाचं ऐकणाऱ्यातला नव्हता.

मास्तरांचे डोळे कोरडे ठणठणीत. सख्खा भाऊ गेला तेव्हाही टिपूस आलं नव्हतं. रोज औषधाचे थेंब घालावे लागत. तपासणीआधी दोन दिवस ते बंद ठेवा, असं नर्सनं बजावून सांगितलं होतं.

तपासणीच्या दिवशी तिनं मास्तरांच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवली. मिनिटभरात ती टोकापर्यंत भिजली. नर्स खूश झाली, आणि काकू मास्तरांच्या कानाशी वाकल्या.

"अहो, थेंब घातलेत?"

"आत्ताच, संडासात जाऊन," मास्तर हळूच म्हणाले. "माप घेताना कमी पडायला नको. दोन बोटं जास्तच धरावं."

गप्प बसलं असतं तर कागद आला असता, पण औषधाच्या पाण्याचा. काकूंनी नर्सला सांगून टाकलं. नर्सनं पट्टी टाकून दिली. अभ्यासाचा तो शेवटचा दिवस होता. पुन्हा कधी, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

"पण पट्टी पुरती भिजली होती की," मास्तर तिला समजावत राहिले.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, कात्री जपून धरा म्हणाल्या. वाटेत मास्तरांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "आजाराचं नाव कुठंय यात?"

दुपारी दुकानात त्यांनी एका गिऱ्हाइकाचं कोटाचं कापड टेबलावर पसरलं. काकू म्हणाल्या, आजचा दिवस राहू द्या.

"का? कागद आला?"

त्यांनी कात्री उचलली. ती कापडाला लागण्याआधीच थरथरत होती. निदान कापड तरी सरकू नये म्हणून काकूंनी समोरून त्याचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.