बंब, गिझर आणि मोठ्याबाई

मार्गशीर्षातला रविवार, सकाळ. हजर: मी, माझे यजमान, पुतण्या नीलेश आणि पुण्याहून फोनवर आमची लेक केतकी. विषय: केतकीचं दुसरं बाळंतपण नागपूरला, आमच्याच घरी, ऐन थंडीत. त्याआधी न्हाणीघरातला बंब, मागचा गिझर आणि धुराडं तपासून घेणे. गैरहजर: मोठ्याबाई. त्या गेल्या उन्हाळ्यात गेल्या.

मोठ्याबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, नीलेशची आई. त्यांना वारा दिसायचा. दिवाळी झाली की पेटती उदबत्ती घेऊन त्या घरभर हिंडत. धूर जिथे वाकेल तिथे फट. मग चिंधी, पुठ्ठा, जुनं लुगडं, हाती येईल ते कोंबायचं. खिडकीतला कूलर काढला की त्याचं भगदाड त्याच दिवशी बंद. "वारा चोर आहे, सुनंदा," त्या म्हणत. "थो दारानं येत नाही."

त्यांच्या आंघोळीला तांब्याचा बंबच लागे. लकडगंजातल्या आरामशीनवरून, लाकडं कापतात तिथून, ढलप्यांचं पोतं त्या स्वतः आणत. एखादी ओली निघाली तर पिशवीत घालून परत करायला जात. आरामशीनवाला हात जोडायचा, "मावशी, एका ढलपीसाठी काहून आल्या?" "धूर माह्या डोळ्यात जाते, तुह्या नाही," हे उत्तर ठरलेलं.

केतकीच्या पहिल्या बाळंतपणाला नीलेशनं गॅसचा गिझर बसवला. बाळंतिणीला केव्हाही गरम पाणी मिळावं, हेतू चांगला होता. बसवणाऱ्यानं त्याचा पाइप बंबाच्याच धुराड्यात सोडला. भिंत फोडावी लागली नाही, म्हणून आम्हीही खूश. मोठ्याबाई तेवढ्या गिझरकडे बघून म्हणाल्या, "याचा धूर दिसत नाही. जे दिसत नाही त्याच्यावर लक्ष कसं ठेवू?"

बाळंतिणीच्या बाबतीत मात्र त्यांचा नियम पक्का: तिला वारा लागू द्यायचा नाही. न्हाणीघराच्या खिडकीत त्यांनी गोधडी कोंबली, दाराखाली पोतं सारलं. कडी लावायची नाही, हाही त्यांचाच नियम. एके दिवशी त्यांची आंघोळ आधी झाली होती. बंबात निखारे होते. बाळाला न्हाऊ घालून त्या त्याला मांडीवर घेऊन दाराबाहेर बसल्या. आत केतकी, गिझर चालू. मी स्वयंपाकघरात, तिथला पंखा हवा बाहेर फेकत होता. बोलल्याशिवाय बसणं मोठ्याबाईंना जमत नसे.

"केतके, तुह्या सासूनं डिंकाचे लाडू धाडले म्हणे?"

"हो."

"मऊ आहेत का वं, का बत्त्यानं फोडा लागते?"

आतून हसू आलं. "चांगले आहेत, मोठी आई."

"किती धाडले?"

"हो."

"किती म्हटलं वं?"

"हो."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. "सुनंदा, लेकरू धर," एवढंच म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या. केतकी पाटावर भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे मिटलेले. मोठ्याबाईंनी गिझर बंद केला, खिडकीतली गोधडी ओढून बाहेर फेकली आणि तिला ओल्या अंगानिशी अंगणातल्या थंडीत आणलं. मग चादर गुंडाळली. दवाखान्यात तिला बराच वेळ ऑक्सिजन दिला. आणखी थोडा उशीर झाला असता तर मुलगी हाती लागली नसती, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

कारण नंतर नीलेशनं समजावलं. हवा आत यायला जागा नव्हती, आणि एका धुराड्यात दोन जाळांचा धूर. त्यात स्वयंपाकघरातल्या पंख्यानं घरातली हवा ओढून घेतली. धुराड्यानं बाहेर न्यायचं ते सगळं आतच उलटलं. विषारी वायूला ना रंग, ना वास.

"माह्या बंबानं केलं का?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"एकट्या बंबानं नाही, आई. दोघांनी मिळून."

"दोघांले एकच तोंड दिलं तुम्ही. भांडतीनच."

गिझर मागच्या उघड्या ओसरीत गेला, त्याला स्वतंत्र पाइप लागला. धुराडं एकट्या बंबाचं राहिलं. न्हाणीघराच्या दाराशेजारच्या भिंतीला खाली जाळी बसली. खिडकीची वरची काचपट्टी मोठ्याबाईंनी स्वतः काढायला लावली. मी म्हटलं, "बाळंतिणीला वारा लागेल." त्या म्हणाल्या, "लागला तं अंग दुखीन. तेल लावून देईन मी." त्यानंतर बंब पेटवण्याआधी धुराड्याच्या तोंडाशी त्यांची उदबत्ती येई. धूर आत ओढला गेला तर पेटवायचं. बाहेर आला तर त्या दिवशी थंड पाणी, तक्रार नाही.

आणि बाळंतिणीची न्हाणी असेपर्यंत त्या दाराबाहेर बसल्याच. आता गिझर बाहेर आहे, मी सांगून पाहिलं. "असू दे," म्हणाल्या, आणि आत कोणाच्या लग्नात कोण रुसलं ते ओरडून सांगत राहिल्या. दर दोन वाक्यांनंतर प्रश्न. उत्तर आल्याशिवाय पुढचं वाक्य नाही.

तर रविवारची वाटणी अशी. धुराड्यातलं कबुतराचं घरटं काढून आतून साफ करून घेणं: माझे यजमान. गिझरचा पाइप, सांधे आणि विषारी वायूचा इशारा देणारं यंत्र: नीलेश. जाळीपुढचं कपाट हलवणं: मी. फोनवर केतकी म्हणाली, "यंत्र लावाच. पण बाहेर कोणीतरी बसा. बोलायला."

मी बसेन म्हटलं. नीलेश हसला. "काकू, तू बसली तं दर मिनिटाले 'झालं का' विचारशील. ती घाईघाईनं बाहेर येईन."

खोटं नाही. शेजारच्या एकदोघींची नावं निघाली, मागे पडली. यजमानांनी घड्याळ पाहिलं, नीलेशनं चहाचे कप उचलले. बाकी सगळ्या कामांपुढे नावं पडली आहेत. दाराबाहेर कोण बसणार, ते अजून ठरलेलं नाही.